सतीवुस म्हणजे पेरीव : भात, लसूण आणि केशराच्या नावातलं लॅटिन विशेषण

भाताचं शास्त्रीय नाव ओरिझा सतीवा. लसणाचं अल्लिउम सतीवुम. केशराचं क्रोकुस सतीवुस. शाळा-कॉलेजात ही नावं पाठ करताना बहुतेकांची गल्लत होते ती शेवटच्या अक्षरावर: 'वा' की 'वुम' की 'वुस'? मग सरळ घोकंपट्टी होते, कारण हे तीन वेगळे शब्द नसून एकाच विशेषणाची तीन लिंगांतली रूपं आहेत, हे सहसा कुणी सांगत नाही. चांगला, चांगली, चांगलं असं बोलणाऱ्या माणसाला खरं तर हे शिकवावंही लागू नये. इंग्रजीत विशेषण लिंगानुसार बदलत नाही, त्यामुळे इंग्रजीतून वनस्पतिशास्त्र शिकताना ही गोष्ट अवघड होऊन बसते. मराठीतून पाहिलं तर ती घरचीच आहे.

उच्चाराबद्दल आधीच सांगितलेलं बरं. आपल्याकडे 'सटायव्हा', 'सटिव्हा', 'सॅटिव्हा' असे सगळे उच्चार ऐकू येतात. ते इंग्रजीच्या वाटेने आले आहेत आणि वर्गात चालतात. मूळ लॅटिनमध्ये पहिला 'स' ऱ्हस्व, मधला 'ती' दीर्घ आणि आघातही त्याच्यावर. 'त' दंत्य, म्हणजे आपल्या 'ताक'मधला. रोमन लोकांचा 'व' ओठ गोल करून म्हणायचा, दातांनी ओठ दाबून नव्हे. थोडक्यात, मराठी माणसाने 'सतीवा' असं सहज वाचलं की तो मूळ उच्चाराच्या बराच जवळ जातो. शेवटचा 'आ' प्रथमा विभक्तीत ऱ्हस्व असतो, पण देवनागरीत तो नीट दाखवता येत नाही, म्हणून इथे 'सतीवा' असंच लिहिलं आहे. झाडांची नावंही इथे लॅटिन वळणाने, म्हणजे क्रोकस न लिहिता क्रोकुस, अल्लियम न लिहिता अल्लिउम अशी दिली आहेत. शेवटचा 'उस' आणि 'उम' दिसला नाही तर व्याकरणच दिसणार नाही.

अर्थ: पाळीव तसं पेरीव

सतीवुस म्हणजे 'पेरलेला', 'पेरून किंवा लावून वाढवला जाणारा'. कोशांमध्ये 'लागवडीचा' असा अर्थ देतात आणि तो बरोबरच आहे, पण शब्दाची घडण त्यातून कळत नाही. ती कळायला मराठीत फार सुंदर सोय आहे. कोरणे या धातूपासून कोरीव, रेखणेपासून रेखीव, घडवणेपासून घडीव, बांधणेपासून बांधीव, पाळणेपासून पाळीव. क्रियापदाला 'ईव' लागला की 'ती क्रिया ज्याच्यावर झाली आहे, आणि आता तोच ज्याचा गुण आहे' असं विशेषण तयार होतं. पाळीव मांजर म्हणजे काल कुणीतरी पाळलेलं मांजर नव्हे; माणसाळलेली ती एक जातच. लॅटिनचा 'ईवुस' हा प्रत्यय जवळपास हेच काम करतो. सेरेरे म्हणजे पेरणे, सतुस म्हणजे पेरलेला, आणि सतीवुस म्हणजे पेरीव. पेरीव हा शब्द रोजच्या बोलण्यात फारसा येत नाही, पण ऐकताक्षणी कळतो, आणि सतीवुससाठी याहून नेमका मराठी शब्द सापडणं कठीण. (आवाजाचं हे साम्य आपल्या सोयीचं आहे, इतकंच. त्यावरून मराठी 'ईव' आणि लॅटिन 'ईवुस' सख्खे भाऊ ठरवायला जाऊ नये.)

याच प्रत्ययाचे इतर शब्द पाहिले की घडण आणखी पक्की होते. कापेरे म्हणजे पकडणे, काप्तुस म्हणजे पकडलेला, काप्तीवुस म्हणजे कैदी. नातुस म्हणजे जन्मलेला, नातीवुस म्हणजे जन्मजात, उपजत. वोतुम म्हणजे नवस, वोतीवुस म्हणजे नवसाचा. आएस्तुस म्हणजे उष्मा, आएस्तीवुस म्हणजे उन्हाळी. हे शेवटचं विशेषण आपल्या रोजच्या पोळीत आहे: गव्हाचं नाव त्रितिकुम आएस्तीवुम, म्हणजे 'उन्हाळी गहू'. महाराष्ट्रात गहू रब्बीचा, थंडीवर वाढणारा. त्याला उन्हाळी म्हणणं विचित्र वाटेल. पण नाव देणारा वनस्पतिशास्त्रज्ञ कार्ल लिनेयस स्वीडनचा. तिथे वसंतात पेरून उन्हाळ्यात वाढणारा गहू वेगळा आणि हिवाळा जमिनीत काढणारा वेगळा. 1753 साली त्याने या दोघांना स्वतंत्र जाती धरून दोन नावं दिली. पुढे त्या एकच जात ठरल्या आणि 'उन्हाळी' हे नाव टिकलं.

धातू: पेरणाऱ्या 'से'ची भावंडं

लॅटिन कोशात क्रियापद चार रूपांनी देतात, कारण त्या चारांवरून बाकीची सगळी रूपं काढता येतात. पेरण्याची चार रूपं अशी: सेरो (मी पेरतो), सेरेरे (पेरणे), सेवी (मी पेरलं), सतुम (पेरलेलं). यातलं 'सेवी' पाहिलं की मूळ धातू 'से' होता हे दिसतं. मग 'सेरो'मधला 'र' कुठून आला? वर्तमानकाळात धातूच्या पहिल्या अक्षराची द्विरुक्ती झाली. संस्कृतात 'स्था'पासून तिष्ठति होतं आणि 'पा'पासून पिबति, त्यातलाच हा प्रकार. द्विरुक्तीतून 'सिसो'सारखं रूप तयार झालं आणि दोन स्वरांमध्ये सापडलेल्या 'स'चा लॅटिनमध्ये 'र' झाला. हा बदल त्या भाषेत सर्रास आहे: फूल या अर्थाचा फ्लोस षष्ठीत फ्लोरिस होतो तो याचमुळे.

याच 'से'पासून सेमेन, म्हणजे बी. सतिओ म्हणजे पेरणी, आणि सतिओपासून जुन्या फ्रेंचमार्गे इंग्रजीत जो शब्द आला तो आज आपण मराठीतही धडधडीत वापरतो: सीझन. आंब्याचा सीझन, लग्नाचा सीझन म्हणताना मुळात आपण 'पेरणी'च म्हणत असतो. आपल्याकडे हंगाम हा शब्द शेताला जितका चिकटलेला आहे, तितकाच तोही होता. कृषिसेवा केंद्राच्या पाटीवरचा 'सीड्स' हासुद्धा याच कुळातला, फक्त तो लॅटिनमधून न येता जर्मानिक शाखेतून इंग्रजीत उतरला.

इथे दोन खड्डे आहेत. पहिला म्हणजे लॅटिनमध्ये 'सेरो, सेरेरे' नावाचं हुबेहूब दुसरं क्रियापद आहे. त्याचा अर्थ ओवणे, जोडणे, आणि त्याची पुढची रूपं सेरुई, सेर्तुम. आपला 'सीरीज' हा शब्द त्या ओवण्यातून आला. पेरण्याशी त्याचा संबंध नाही. दोघांतला फरक तिसऱ्या-चौथ्या रूपात कळतो, म्हणून लॅटिन शिकवणारे चारही रूपं पाठ करायला लावतात. दुसरा खड्डा जुना आहे. रोमन पंडित वारोने शेतीचा देव सातुर्नुस याचं नाव 'सतुस'वरून, म्हणजे पेरण्यावरून आलं असं सांगितलं. ऐकायला छान, पण सातुर्नुसचा 'सा' दीर्घ आणि सतुसचा 'स' ऱ्हस्व. लॅटिनमध्ये हा फरक क्षुल्लक नसतो, त्यामुळे आजचे भाषाशास्त्रज्ञ ही व्युत्पत्ती जपूनच हाताळतात.

मराठी कानाचे स्वतःचे खड्डे वेगळेच. 'सतीवा' ऐकून सत्त्व, सात्त्विक, सती आठवतात. यातल्या एकाचाही संबंध नाही. त्याहून फसवा शब्द शेती: अर्थ जुळतो, आवाजही थोडा जुळतो. पण शेत आलं संस्कृत 'क्षेत्र' या शब्दातून. लॅटिन पेरणीचं त्यात बीसुद्धा नाही.

बी नसलेलं पेरीव

आता सर्वांत मजेशीर अडचण. केशराच्या नावात 'पेरीव' आहे, आणि केशराला बीच धरत नाही. त्याच्या पेशीत गुणसूत्रांचे दोन नव्हे तर तीन संच असतात, आठाचे तीन मिळून 24. तीन संचांची समान वाटणी होत नाही, म्हणून परागकण आणि बीजांडं नीट तयार होत नाहीत आणि झाड वांझ राहतं. काश्मीरात पांपोरच्या शेतांत केशर लावतात ते कंदांपासून. लसणाचंही तेच: गड्डा फोडून एकेक पाकळी टोकून लावायची. भाताचं बी पेरतात खरं, पण कोकणात ते आधी तरव्यात पेरून मग रोपांची खाचरात लावणी होते. मग यांना पेरीव कसं म्हणायचं?

उत्तर सेरेरे या क्रियापदातच आहे. मराठीत पेरणे, लावणे, टोकणे ही वेगवेगळी कामं. लॅटिन सेरेरे या सगळ्यांना पुरून उरतं. रोमन वक्ता सिसेरो याने एका जुन्या कवीची ओळ दिली आहे, तिच्यातला म्हातारा पुढच्या पिढीच्या उपयोगी पडतील अशी झाडं लावतो. तिथेही क्रियापद हेच. म्हणून सतीवुसचा गाभा 'बी टाकणे' हा नसून 'माणसाने मुद्दाम जमिनीत घालणे' हा आहे.

याच धातूला 'इन' म्हणजे 'आत' जोडलं की इन्सेरेरे, कलम बांधणे. झाडात झाड पेरणे, असंच म्हणा ना. त्यापासून इन्सितीवुस म्हणजे कलमी. रोमन कवी होरेसने शेतकऱ्याच्या सुखाचं वर्णन करताना कलमी पेअर तोडण्याचा आनंद सांगितला आहे, तिथे हेच विशेषण येतं. आपल्याकडे रायवळ आणि कलमी आंब्यात जो भेद आहे, तो रोमन बागायतदाराला नीट कळला असता.

समोरचा पक्ष: रानचं

सतीवुस एकट्याने कमी आणि जोडीत जास्त कळतो. त्याचा जोडीदार सिल्वेस्त्रिस, सिल्वा म्हणजे रान यापासून बनलेला. इसवी सन 79 मध्ये वेसुवियस ज्वालामुखीच्या उद्रेकात मेलेला रोमन लेखक थोरला प्लिनी वनस्पतींचं वर्णन करताना ही जोडी वापरतो: अमक्याचा एक प्रकार सतीवुस, एक सिल्वेस्त्रिस. मराठीत हेच काम 'रान' करतं, रानहळद, रानकेळ असं. पुढे युरोपातल्या वनौषधींच्या पोथ्यांनी ही पद्धत शतकानुशतकं चालवली, आणि लिनेयसने 1753 साली दोन शब्दांची नावं रूढ केली तेव्हा सतीवुस त्याला आयता मिळाला. भात, लसूण, केशर, काकडी, मुळा, कोथिंबीर, वाटाणा, कलौंजी, ओट, लसूणघास, भांग या सगळ्यांच्या नावात त्या वर्षी हे विशेषण बसलं.

संस्कृतातही अशी जोडी आहे. नांगरलेल्या शेतात पिकणारं ते कृष्टपच्य. हा शब्द पाणिनीच्या सूत्रातही येतो. न नांगरता आपोआप पिकणारं ते अकृष्टपच्य, आणि त्याचा ठरलेला नमुना म्हणजे नीवार, ऋषिमुनींच्या आश्रमातला रानभात. 1965 साली रानभाताच्या एका जातीला शास्त्रीय नाव दिलं गेलं ते ओरिझा नीवारा, म्हणजे हा संस्कृत शब्द आता सतीवाच्या शेजारी एकाच कुळात नांदतो.

महाराष्ट्रात हा भेद वर्षातून एकदा ताटात उतरतो. भाद्रपद शुद्ध पंचमीला, ऋषिपंचमीच्या उपासाला, बैलाच्या कष्टाचं खायचं नाही अशी रीत आहे, आणि त्या दिवशीची ऋषीची भाजी परसातल्या, हाताने लावलेल्या किंवा आपसूक उगवलेल्या भाज्यांची होते. वरवर पाहता 'सतीवा चालत नाही' असा हा नियम वाटतो. पण नीट पाहिलं तर कसोटी वेगळी आहे. ऋषिपंचमी विचारते: बैल राबला का? लॅटिन विशेषण विचारतं: माणसाने लावलं का? परसातलं अळू ऋषिपंचमीला चालतं, पण रोमन माळ्याच्या हिशोबात तेही सतीवुमच.

एवढं मात्र लक्षात ठेवावं की सतीवुस खाण्यालायक असल्याची हमी देत नाही. खाद्य या अर्थाची विशेषणं निराळी, एस्कुलेंतुस आणि एदूलिस. औषधी दुकानात ठेवण्याजोगं ते ओफ्फिचिनालिस. विदर्भातल्या लाखोळीच्या डाळीचं नाव लाथिरुस सतीवुस आहे, आणि तिच्यात मज्जातंतूंना अपाय करणारं द्रव्य असतं. महिनोन्महिने तीच मुख्य अन्न म्हणून खाल्ली तर पाय लुळे पडतात. पेरली जाते, म्हणून सतीवुस. तिच्या गुणदोषांबद्दल विशेषणाने काही सांगितलेलं नाही. भांगेच्या बाबतीतही तेच. कान्नाबिस सतीवा म्हणजे लागवडीची भांग. 1785 मध्ये फ्रेंच निसर्गशास्त्रज्ञ लामार्कने हिंदुस्थानातल्या भांगेला वेगळी जात धरून इंदिका म्हटलं. 'सतीवा तरतरी आणते, इंदिका झोप आणते' असली वर्गवारी पुढे लोकांनी चिकटवली. एका शब्दाचा अर्थ पेरीव आणि दुसऱ्याचा हिंदुस्थानी, नशेचं त्यात काही नाही.

लिंग: तो, ती, ते

नियम एका ओळीचा आहे. विशेषण ज्या नामाचं, त्याच्या लिंगाप्रमाणे त्याचं शेपूट. पुल्लिंगी सतीवुस, स्त्रीलिंगी सतीवा, नपुंसकलिंगी सतीवुम. तंतोतंत मोठा, मोठी, मोठं.

अडचण नियमाची नसून लिंगाची आहे. लॅटिनने कुणाला तो म्हणावं आणि कुणाला ती, हे मराठीवरून ठरत नाही. ओरिझा ती, पण आपला भात तो. कुकुमिस तो, आपली काकडी ती. म्हणून कुकुमिस सतीवुस. कोरिआंद्रुम ते, कोथिंबीर ती. म्हणून कोरिआंद्रुम सतीवुम. पीसुम ते, वाटाणा तो. क्रोकुस तो, केशर ते. राफानुस तो आणि मुळाही तो, एवढ्या यादीत मुळ्याचं तेवढं जुळतं. लसणाचं आपल्यातच एकमत नाही, कुणी 'लसूण सोलला' म्हणतं, कुणी 'सोलली'. लॅटिन अल्लिउम मात्र ठाम नपुंसक.

दुसरी गोष्ट, जुळायचं असतं ते लिंग, आवाज नव्हे. 'मोठा माणूस' यात माणूस शब्द आकारान्त नाही म्हणून आपण 'मोठूस' म्हणत नाही. कुकुमिस सतीवुस, मेदिकागो सतीवा (लसूणघास) यांतही शेपटं वेगळी दिसतात. 'आगो'ने संपणारी नामं लॅटिनमध्ये स्त्रीलिंगी, म्हणून मेदिकागोला सतीवा.

आणि मग येतात झाडं. 'उस' दिसला की पुल्लिंग, हा ठोकताळा मोठ्या झाडांजवळ आपटतो. रोमन लोक वृक्षांना स्त्रीलिंगी मानत, नाव 'उस'ने संपत असलं तरी. पिंपळ फिकुस रेलिगिओसा, रेलिगिओसुस नव्हे. पांढरी तुती मोरुस आल्बा. चिंच तमारिंदुस इंदिका. या चिंचेच्या नावात आणखी एक गंमत आहे. तमारिंदुस हा शब्दच अरबी 'तमर हिंदी'वरून आला, म्हणजे हिंदचा खजूर. त्याला पुन्हा इंदिका हे विशेषण लावलं, म्हणजे हिंदुस्थानी हिंदी खजूर. पिवळा पीतांबर! या नियमालाही अपवाद आहेच: फणस आर्तोकार्पुस हेतेरोफिल्लुस, पुल्लिंगी. कारण ग्रीक 'कार्पोस'पासून बनलेली 'कार्पुस'ने संपणारी नावं नामकरणाच्या नियमांनुसार पुल्लिंगी धरतात.

मराठीत सगळी विशेषणं बदलत नाहीत. सुंदर, लाल, जाड ही तशीच राहतात. लॅटिनमध्ये अगदी न बदलणारी विशेषणं विरळा, पण एक मोठा गट असा आहे की पुल्लिंग-स्त्रीलिंगाला एकच रूप आणि नपुंसकाला दुसरं. सतीवुसचा जोडीदार सिल्वेस्त्रिस याच गटातला. शिंदीचं झाड फीनिक्स सिल्वेस्त्रिस, आणि मधुमेहासाठी ज्याचा पाला विकतात ते गुडमार जिम्नेमा सिल्वेस्त्रे, कारण जिम्नेमा नपुंसकलिंगी. 'आ'ने संपूनही! ग्रीक 'मा'ने संपणारी नामं नपुंसक असतात. वडाचं फिकुस बेंगालेन्सिस यातलं 'एन्सिस' अशाच वळणाचं, म्हणून पिंपळाचा 'आ' तिथे दिसत नाही.

गाजराचं नाव ही या सगळ्याची परीक्षा आहे: दाउकुस कारोता, उपजाती सतीवुस. कारोता तर 'आ'ने संपते, मग सतीवा का नाही? कारण कारोता हे विशेषण नसून नाम आहे, जोडीला ठेवलेलं. उपजातीचं विशेषण जुळतं ते पहिल्या नावाशी, दाउकुसशी, आणि तो पुल्लिंगी.

विभक्ती: लसणाचा गड्डा

वनस्पतींच्या नावात विशेषण जवळजवळ नेहमी प्रथमेच्या एकवचनात येतं, त्यामुळे तीन रूपांवर भागतं. पण औषधांच्या ग्रंथात आणि जुन्या वर्णनांत विभक्ती लागते. जागतिक आरोग्य संघटनेच्या औषधी वनस्पतींच्या ग्रंथात लसणाच्या प्रकरणाला नाव आहे 'बुल्बुस अल्लिई सतीवी'. बुल्बुस म्हणजे गड्डा, प्रथमा. अल्लिई सतीवी दोन्ही षष्ठीत: पेरीव लसणाचा गड्डा.

मराठीत 'मोठा घोडा'ला षष्ठी लागली की 'मोठ्या घोड्याचा' होतं. प्रत्यय फक्त नामाला, विशेषण नुसतं सामान्यरूपात जातं. लॅटिनमध्ये विशेषणालाही पूर्ण प्रत्यय लागतो, जणू 'मोठ्याचा घोड्याचा'. एकवचन असं चालतं:

पुल्लिंग: प्रथमा सतीवुस, द्वितीया सतीवुम, षष्ठी सतीवी, चतुर्थी आणि पंचमी सतीवो. हाक मारायची वेळ आलीच तर सतीवे.
स्त्रीलिंग: सतीवा, सतीवाम, षष्ठी-चतुर्थी सतीवाए, पंचमी पुन्हा सतीवा, पण शेवटचा आ दीर्घ.
नपुंसकलिंग: प्रथमा-द्वितीया दोन्ही सतीवुम, बाकी पुल्लिंगासारखं.

अनेकवचनात प्रथमा सतीवी, सतीवाए, सतीवा. षष्ठी सतीवोरुम, सतीवारुम, सतीवोरुम. चतुर्थी-पंचमी तिन्ही लिंगांत सतीवीस.

वाचताना चकवणारी रूपं दोन. 'सतीवुम' दिसलं तर ते नपुंसक प्रथमा असेल किंवा पुल्लिंगी द्वितीया. 'सतीवा' दिसलं तर एक स्त्री असेल, किंवा अनेक नपुंसकं: 'सेमिना सतीवा' म्हणजे पेरायची बियाणी. शेजारचं नाम पाहिल्याशिवाय निकाल लागत नाही. वाक्यात बसवून पाहा: 'आग्रिकोला ओरिझाम सतीवाम सेरित', शेतकरी भात पेरतो. आग्रिकोला म्हणजे शेतकरी, 'आ'ने संपूनही पुल्लिंगी. 'सिने अल्लिओ सतीवो' म्हणजे लसणाशिवाय, सिनेनंतर पंचमी लागते. चातुर्मासातल्या डब्यावर चिकटवायला हरकत नाही.

सतीवुसला तर-तम मात्र लावत नाहीत. एक भात दुसऱ्यापेक्षा अधिक पेरीव नसतो. वर्ग सांगणाऱ्या विशेषणांचं असंच असतं. ज्याला मोजमाप आहे त्याला लागतं: जवसाचं नाव लीनुम उसितातिस्सिमुम, म्हणजे अतिशय वापरातलं. त्यातलं 'इस्सिमुम' हे 'तम'चं काम करतं.

नाव लिहिताना काय चुकतं

रोमन लिपीत लिहायचं तर पहिला शब्द मोठ्या अक्षराने, दुसरा कायम छोट्या, आणि दोन्ही तिरक्या अक्षरांत. हाताने लिहिताना दोन्ही शब्दांखाली वेगवेगळी रेघ. सतीवाचं इंग्रजी पद्धतीने अनेकवचन करू नये, आणि दुसरा शब्द एकटा नाव म्हणून वापरू नये: 'आम्ही सतीवा लावली' याला अर्थ नाही, कारण पेरीव काय, ते कळत नाही.

सर्वांत नेहमीची चूक होते ती झाडाची प्रजाती, म्हणजे नावातला पहिला शब्द, बदलल्यावर. शास्त्रज्ञ एखादी जात एका प्रजातीतून दुसरीत नेतात तेव्हा विशेषण तेच ठेवायचं असतं, पण लिंग नव्या घराचं. अननस आधी ब्रोमेलिया कोमोसा होता, ब्रोमेलिया स्त्रीलिंगी. 1917 मध्ये मेरिल या अमेरिकन वनस्पतिशास्त्रज्ञाने त्याला आनानास या प्रजातीत नेलं, आनानास पुल्लिंगी, म्हणून आनानास कोमोसुस. कोमोसुस म्हणजे केसाळ, डोक्यावर तुरा असलेला. जुन्या पुस्तकांत याच फळाचं आनानास सतीवुस असंही नाव सापडतं. तुऱ्यापासून किंवा फुटव्यापासून लावलं जाणारं, म्हणून तेही काही खोटं नव्हतं.

वाटाण्याच्या बाबतीत मात्र शेपूट बदलून भागलं नाही. त्याचं नाव पीसुम सतीवुम. अलीकडे डीएनएच्या आधारे वाटाणा लाथिरुस प्रजातीतच बसतो असं ठरवून लंडनच्या क्यू उद्यानाच्या यादीने त्याला तिथे हलवलं. लाथिरुस पुल्लिंगी, म्हणजे नियमाने नाव व्हायला हवं लाथिरुस सतीवुस. पण त्या घरात या नावाचा रहिवासी 1753 पासून आहे: आपली लाखोळी. एका प्रजातीत एकाच नावाच्या दोन जाती चालत नाहीत, म्हणून वाटाण्याला लामार्कने दिलेलं दुसरं जुनं नाव उचललं, लाथिरुस ओलेरासेउस. ओलेरासेउस म्हणजे भाजीचा. बियाण्यांच्या पुस्तकांत आणि शेतकी संशोधनात अजून पीसुम सतीवुमच चालतं, तेव्हा दोन्ही नावं ओळखता यायला हवीत. लाथिरुस सतीवुस वाचलं तर मात्र ती लाखोळी, मटार नव्हे.